‘सार्वभौम नागरिक’ : कायद्याच्याच भाषेत कायद्याला नकार

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा येथे २१ नोव्हेंबर २०२१ रोजी एका इसमाने नाताळच्या मिरवणुकीत मोटार घुसवली. सहा जण मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये खटला सुरू झाला, तेव्हा आरोपीने वकील नाकारून स्वतःच बाजू मांडायला घेतली. आरोपपत्रातील नाव आपण ओळखत नाही, फिर्यादी असलेले ‘राज्य’ म्हणजे नेमके कोण ते सांगा, न्यायालयाला अधिकारक्षेत्र कोठून मिळाले ते सिद्ध करा, असा धोशा त्याने लावला. न्यायाधीश जेनिफर डोरो यांना त्याला वारंवार दुसऱ्या दालनात बसवून पडद्यावरून कामकाज चालवावे लागले. अखेर सर्व ७६ आरोपांत तो दोषी ठरला.

थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या अनेकांना हा वेडाचा प्रकार वाटला. प्रत्यक्षात हे प्रश्न त्याच्या डोक्यातून निघालेले नव्हते. ‘सार्वभौम नागरिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळींचा तो अनेक वर्षांचा ठरीव पाठ आहे. आपल्या संमतीशिवाय सरकारचा कोणताही कायदा, कर किंवा परवाना आपल्याला लागू होत नाही, अशी त्यांची श्रद्धा असते.

या विचाराची मुळे १९७० च्या दशकातील ‘पॉसे कोमिटाटस’ या वर्णद्वेषी व ज्यूविरोधी चळवळीत सापडतात. काउंटीच्या वरची कोणतीही सत्ता तिला मान्य नव्हती. गोरे जन्मतःच सार्वभौम. यादवी युद्धानंतर चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिक झालेले कृष्णवर्णीय मात्र सरकारचे बांधील, अशी ही मांडणी होती. पुढे तीच तर्कपद्धती काही कृष्णवर्णीय गटांनी ‘मूर’ या नावाखाली उचलली, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शेतकरी कर्जात बुडाले, जमिनी लिलावात निघू लागल्या, आणि या विचाराच्या विक्रेत्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळाले.

त्यांचा सर्वांत खपाऊ माल म्हणजे ‘बुजगावण्याचा सिद्धांत’. अमेरिकेने १९३३ मध्ये सोन्याशी असलेले चलनाचे नाते तोडले, ही घटना खरी. मात्र त्या वेळी सरकारने नागरिकांनाच तारण ठेवले, जन्मदाखल्यासोबत प्रत्येकाच्या नावे एक गुप्त खाते उघडले जाते आणि मोठ्या लिपीत छापलेले नाव हे आपले नसून कागदी बुजगावण्याचे असते, ही पुढची जोड कल्पित. योग्य शब्द, योग्य शिक्के वापरले की त्या खात्यातून गहाणकर्ज फेडता येते, असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. असे खाते अस्तित्वात नाही, हे अमेरिकी अर्थखात्याने स्पष्ट केले आहे. त्यावर हुंड्या वठवू पाहणाऱ्यांना तुरुंगवासही झाला आहे.

न्यायालयांची भूमिका निःसंदिग्ध आहे. कोणत्याही रूपात आले तरी हे युक्तिवाद तत्काळ फेटाळावेत, असे सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. न्यायाधीशांच्या मालमत्तेवर खोटे बोजे चढवून त्यांना छळण्याच्या प्रकारांना तर ‘कागदी दहशतवाद’ असेच नाव पडले असून, फेडरल न्यायाधीश व अधिकाऱ्यांच्या बाबतीत त्यासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. अडचण वेगळीच आहे. युक्तिवाद न ऐकता फेटाळला की ‘न्यायालयाला उत्तर देता आले नाही’ असा प्रचार होतो. ऐकत बसावे तर प्रतिपक्षाचा वेळ आणि पैसा वाया जातो.

या पेचाला सविस्तर उत्तर मिळाले ते कॅनडात, एका घटस्फोटाच्या दाव्यात. पतीने आपले ‘हाडामांसाचे’ आणि ‘कॉर्पोरेट’ असे दोन अवतार असल्याचे सांगितले. अल्बर्टाचे न्यायमूर्ती जॉन रूक यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये दीडशेहून अधिक पानांचे निकालपत्र लिहून अशा दाव्यांचा एकेक प्रकार तपासला, खोडला आणि ते विकणाऱ्या ‘गुरूं’ना ठक ठरवले.

प्रसारमाध्यमांत मात्र या मंडळींची दोनच रूपे दिसतात. एक हास्यास्पद : ‘मी वाहन चालवत नाही, प्रवास करतो आहे’ असे पोलिसाला ऐकवणारा आणि शेवटी मोटारीची काच फोडून घेणारा चालक. दुसरे भयंकर : २० मे २०१० रोजी आर्कान्सामधील वेस्ट मेम्फिस येथे तपासणीसाठी गाडी थांबवणाऱ्या दोन पोलिसांची एका बापलेकाने केलेली हत्या. मुलगा अवघा सोळा वर्षांचा होता. दोन्ही रूपे खोटी नाहीत. पण त्यांच्या गर्दीत खरेदी-विक्रीचा व्यवहार बाजूला पडतो, आणि यात आम्हा वार्ताहरांचाही दोष आहे. वेस्ट मेम्फिसमधला तो बाप गावोगाव वर्ग घेत असे. विषय : गहाण घर जप्तीतून कसे सोडवावे.

अशा वर्गांना पैसे भरणाऱ्यांसाठी रूक यांनी निकालपत्रातच काही प्रश्न सुचवून ठेवले आहेत. गुप्त संपत्तीची किल्ली हाती असलेले हे गुरू स्वतः श्रीमंत का नाहीत? आणि ज्ञानाची एवढी खात्री आहे, तर ते स्वतः न्यायालयात का उभे राहत नाहीत?