अभ्यंगाचा लॅटिन चुलतभाऊ

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल चोळून घेतो, त्याला आपण अभ्यंग म्हणतो. त्यातला मूळ संस्कृत धातू 'अञ्ज्', म्हणजे माखणे. डोळ्यांतले अंजनही त्याचेच. या धातूचा एक चुलतभाऊ लॅटिनमध्ये आहे, 'उंग्वेरे'. अर्थ तोच. कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही. दोघांचे आजोबा एक. या 'उंग्वेरे'पासून 'उंग्वेंतुम' झाला आणि इटालियनमध्ये 'उंग्वेंतो', फ्रेंचमध्ये 'ओंगाँ' या रूपांत तो आजही मलमासाठी वापरला जातो.

पण जुन्या रोममध्ये उंग्वेंतुम म्हटले की आधी आठवे ते सुगंधी तेल. एकदा तिथल्या अधिकाऱ्यांनी परदेशी सुगंधी लेपांच्या विक्रीवर बंदी घातली होती. ती फारशी मानली गेली नसावी, कारण पहिल्या शतकात प्लिनी याच चैनीवर तोंडसुख घेतो. मोती निदान वारसांना मिळतात, हे मात्र उडून जाते, असे त्याचे म्हणणे. खर्चिक घरातल्या वडीलधाऱ्यांसारखाच सूर!

शब्द सामान्यांच्या तोंडी गेला तेव्हा त्याचा सुगंध उडाला आणि स्निग्धता उरली. रोमानियात 'उंत' म्हणजे चक्क लोणी आणि खायचे तेल म्हणजे 'उंतदेलेम्न', शब्दशः लाकडाचे लोणी. स्पॅनिशमध्ये 'उंतार' म्हणजे माखणे, आणि लाच देणेही. आपण हात ओले करतो, ते माखतात.

याच शब्दाला एकदा मरणाची छाया चिकटली. कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार पुढे मरणाऱ्यापुरता उरला. फ्रेंचमध्ये त्याचे नाव 'एक्स्ट्रेम-ओंक्सियों', शेवटचे तैलाभ्यंग. मग धर्मगुरू तेल घेऊन दारात आले की रोग्याने काय समजायचे? घरचे लोक त्यांना बोलावणे लांबणीवर टाकत, ते याच धास्तीने. १९६३मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, या संस्काराला 'आजाऱ्यांचे तैलाभ्यंग' म्हणणे अधिक योग्य. तो केवळ शेवटच्या घटकेचा नाही. १९७२मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने ठरवून दिला. जिथे ऑलिव्हचे तेल मिळत नाही, तिथे दुसरे कोणतेही वनस्पतिजन्य तेल चालेल, अशी मुभाही त्यांनी त्या वेळी दिली.