ध्वनिजोडणी, संगणकावरील
डेस्कटॉप संगणकाला स्पीकर, हेडफोन, मायक्रोफोन किंवा बाहेरचे ध्वनियंत्र जोडण्याची व्यवस्था. यासाठी सहसा ३.५ मिमी. व्यासाचे जॅक वापरतात. हिरवा ध्वनी बाहेर देतो, गुलाबी मायक्रोफोनसाठी आणि निळा लाइन-इनसाठी असतो. ही रंगखूण मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ या निर्देशांमुळे रूढ झाली.

निळ्या-गुलाबीची गल्लत सर्रास होते. जुन्या भजनांच्या वा नाटकांच्या कॅसेटी संगणकावर उतरवायच्या, तर टेपची वायर निळ्या जॅकमध्येच हवी. मायक्रोफोनचा मार्ग क्षीण संकेत वाढवतो. टेपचा तगडा संकेत तिथे दिला की आवाज फाटतो. टेप व संगणक वेगवेगळ्या अर्थिंगवर असले तर ५० हर्ट्झची घरघरही मिसळू शकते. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतले की बहुधा ती जाते.

कॅबिनेटच्या पुढचे जॅक मुके असतील, तर आत मदरबोर्डवरचा ‘एफ-ऑडिओ’ कनेक्टर पाहावा. त्याला नऊ पिना असून दहापैकी एक जागा रिकामी असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही. जुन्या कॅबिनेटची वायर ‘एसी ९७’ पद्धतीची असल्यास, सोय असेल तर बायोसमध्ये तसा पर्याय निवडावा. तिच्या जागी २००४ मध्ये आलेल्या ‘एचडी ऑडिओ’त जॅक लागल्याचे संगणकाला आपोआप कळते. एवढे करूनही शांतता असेल, तर विंडोजने एचडीएमआयचा मॉनिटरच मुख्य ध्वनिसाधन धरला आहे का, ते तपासावे.