डोंगरांचीं उलटलेलीं पानें

आपल्यापैकीं ज्यांनीं दगडी पाटीवर मुळाक्षरें गिरविलीं असतील, त्यांना ती पाटी फुटल्यावर तिचे पातळ पापुद्रे सुटत, हें आठवत असेल. त्या पापुद्र्यांत एक मोठा इतिहास दडलेला आहे. पाटीचा दगड हा मूळचा समुद्रतळाचा बारीक चिखल. पुढें पर्वत घडूं लागले, दोन्ही बाजूंनीं प्रचंड दाब आला, आणि चिखलांतील सूक्ष्म कण व अभ्रकासारखीं नवीं खनिजें त्या दाबाच्या आडवीं, एका दिशेनें बसलीं. म्हणून पाटी चिखलाच्या मूळ थरांप्रमाणें न फुटतां दाबानें दिलेल्या नव्या दिशेनें फुटते.

आपल्या सह्याद्रींत असला दाब फारसा दिसत नाहीं. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे थर घाटमाथ्यावर बहुतेक आडवेच राहिले आहेत. खालचा जुना, वरचा नवा. शाळेंत हा नियम शिकवितांना मी वर्तमानपत्रांच्या रद्दीचा दृष्टान्त देत असें. एकदां एका मुलानें उठून विचारलें, “गुरुजी, आणि कोणीं रद्दी उपसून उलटी ठेवली तर?” वर्ग हंसला, मींही त्याला खालीं बसविलें. त्या मुलाचा प्रश्न केवढा मोलाचा होता, हें मला फार उशिरां उमगलें. याच प्रश्नावर स्कॉटलंडमध्यें विद्वानांचा एक वाद तीस वर्षें चालला होता. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

स्कॉटलंडच्या वायव्य भागांत चुनखडीचा एक पट्टा आहे. १८५४ मध्यें चार्ल्स पीच यांना ड्युर्नेस येथील चुनखडींत जीवाश्म सांपडले, आणि ती चुनखडी प्राचीन समुद्रांतील असल्याचें निश्चित झालें. परंतु तिच्या वर अभ्रकानें चकाकणारे शिस्टचे खडक आहेत. सरकारी भूगर्भ-पाहणी खात्याचे प्रमुख सर रॉडरिक मर्चिसन यांनीं निर्णय दिला कीं, शिस्ट वर आहे, त्या अर्थीं तो चुनखडीहून नवा. मर्चिसन यांचा अधिकार मोठा होता. अॅबर्डीनचे प्राध्यापक जेम्स निकोल यांनीं मात्र जमीन तपासून सांगितलें कीं, येथें खडक तुटले असून वरचा भाग जुनाच आहे. तपशिलांत त्यांच्या कांहीं चुका होत्या, पण मुख्य मुद्दा खरा होता. तो मान्य झाला नाहीं, आणि १८७९ मध्यें निकोल निवर्तले.

यानंतर पुढें आला तो एक शाळामास्तर. चार्ल्स लॅपवर्थ हे १८६४ मध्यें गॅलाशील्स येथें शिक्षक म्हणून आले आणि सुटीच्या दिवसांत डोंगर तुडवीत भूगर्भशास्त्र शिकले. १८८१ मध्यें ते बर्मिंगहॅम येथें प्राध्यापक झाले. १८८२ व १८८३ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं एरिबोल खाडीच्या परिसरांत मोठ्या प्रमाणाचे नकाशे घेऊन पावलापावलानें पाहणी केली. त्यांना आढळलें कीं, जुने खडक नव्या खडकांवर खरोखरच सरकत येऊन बसले आहेत. सरकतांना मधला दगड इतका चिरडला गेला होता कीं, जणू तो जात्यांतून निघाला होता. म्हणूनच जात्याच्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं १८८५ मध्यें त्याला ‘मायलोनाईट’ हें नांव दिलें. या श्रमांनीं ते आजारी पडले. अंथरुणावर असतां तो प्रचंड खडक आपल्याच अंगावरून घासत जात आहे, असा त्यांना भास होई, असें सांगतात.

खडक किती ओढला गेला याची खूणही तेथेंच होती. चुनखडीच्या खालच्या शुभ्र गारगोटी-दगडांत प्राचीन किड्यांचीं उभीं, सरळ बिळें आहेत. जेथें खडक सरकले आहेत त्या जागेजवळ हीच बिळें तिरपीं व चपटीं झालेलीं दिसतात.

मर्चिसन यांचे शिष्य आर्चिबाल्ड गीकी आतां खात्याचे प्रमुख होते. त्यांनीं चार्ल्स पीच यांचे चिरंजीव बेन पीच आणि जॉन हॉर्न यांना तेथें पाठविलें. गुरूचें मत सिद्ध व्हावें, अशी अपेक्षा होती. पण दोघांनीं लॅपवर्थ बरोबर असल्याचें कळविलें. गीकींनीं स्वतः जाऊन पाहिलें आणि १८८४ मध्यें ‘नेचर’ नियतकालिकांत आपल्या गुरूचें व स्वतःचें मत चुकीचें असल्याचें जाहीरपणें मान्य केलें. १८८७ मध्यें हेन्री कॅडेल यांनीं पेटींत वाळू व प्लास्टरचे थर भरून ते एका बाजूनें दाबले. तेव्हां तुटलेले थर एकमेकांवर चढतांना डोळ्यांनीं दिसले. पीच-हॉर्न यांचा ग्रंथ १९०७ मध्यें प्रसिद्ध झाला. खडक निदान दहा मैल सरकले असावेत, असें त्यांनीं दाखविलें. आज नॉकन कड्यावर सुमारें १०० कोटी वर्षांच्या खडकाखालीं सुमारें ५० कोटी वर्षांची चुनखडी आपण पाहूं शकतों. दोहोंच्या सांध्यावर एकच तळहात टेकवितां येतो!

दाबानें खडक केवळ हलत नाहीं, तो पालटतोही. आग्नेय भागांत जॉर्ज बॅरो यांनीं १८९३ मध्यें दाखविलें कीं, मूळ चिखल एकच असला तरी उष्णता व दाब वाढत जातो तसतसे त्यांत क्रमानें वेगवेगळे खनिज-स्फटिक तयार होतात. पुढें इतरांनीं ही मालिका पूर्ण केली: क्लोराईट, बायोटाईट, गार्नेट, स्टॉरोलाईट, कायनाईट आणि शेवटीं सिलिमनाईट. दगड न वितळतां, घनरूपांतच हा पालट होतो. पाटीच्या दगडाचा प्रथम शिस्ट होतो, आणि फार खोल व तप्त ठिकाणीं नाईस होतो.

हा दाब आला कोठून? १९६६ मध्यें टूझो विल्सन यांनीं सुचविलें कीं, आजच्या अटलांटिकच्या पूर्वीं तेथें दुसरा महासागर होता व तो मिटला. त्याच्या कांठचे भूखंड एकमेकांवर आदळले आणि सुमारें ४३ कोटी वर्षांपूर्वीं हे खडक सरकले. तो पर्वत पुढें झिजून गेला. त्याचा पाया तेवढा आज उघडा पडला आहे.

श्रोतेहो, वरचें पान नेहमीं नवेंच असतें असें नाहीं. आपली चूक चारचौघांत कबूल करणाऱ्या गीकींचा मला आदर वाटतो, पण निकोल यांना तें ऐकावयास मिळालें नाहीं याचें दुःखही होतें. माझा तो विद्यार्थी आतां मोठा झाला असेल. तो हें भाषण ऐकत असेल, तर त्याला इतकेंच सांगावयाचें आहे: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यावयास मला उशीर झाला.