सावंतवाडीची लाकडी पाखरे

पनवेलपाशी सुरू होणारा राष्ट्रीय महामार्ग 66 कोकणपट्टीतून दक्षिणेकडे सिंधुदुर्गात उतरतो, आणि गावाहून पनवेल-मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून सावंतवाडीची लाकडी खेळणी याच वाटेने घरोघर आली आहेत. त्यांत हुबेहूब फळांचा लौकिक मोठा. तथापि राघू, मोर आणि चिमणाळे, म्हणजे तान्ह्या बाळाची नजर खिळावी म्हणून पाळण्यावर टांगलेला लाकडी पाखरांचा झुंबका, यांचा स्वतंत्र विचार व्हायला हवा.

ही कला चितारी समाजाने जोपासली आणि गावातली चितार आळी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लाल फुलांच्या पांगाऱ्याचे लाकूड हलके व मऊ असल्याने त्यातून पाखराची चोच, मान आणि शेपूट कोरणे सोपे जाते. कोरलेल्या वस्तूवर रंग चढवून वर लाखेचे रोगण दिले, की तिला चकाकी येते आणि दमट हवेतही ती टिकते.

याच चिताऱ्यांचे दुसरे काम म्हणजे गंजिफा, अर्थात हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी 12, असे 120 पत्ते असतात. सावंतवाडीचे राजे तिसरे खेम सावंत (कारकीर्द 1755–1803) यांच्या काळापासून या कलेला राजाश्रय लाभला. छापील पत्त्यांपुढे ती विसाव्या शतकात क्षीण झाली, तेव्हा याच राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध कारागिरांकडून ती शिकून घेऊन राजवाड्यातच कार्यशाळा उभारली. राजघराण्याने कारागिराचे शिष्यत्व पत्करावे, हे या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान आहे.

पुन्हा लाकडी पाखरांकडे वळू. डेन्मार्कमध्ये रचनाकार क्रिस्तियान वेडेल यांनी 1959 साली ओकच्या लाकडातून रंगाविना, नुसत्या गोलाईवर घडवलेले पक्षी आज जगभरचे संग्राहक शोधतात. मान कलती केली की भाव बदलणाऱ्या त्या पक्ष्यांचे सौंदर्य निर्विवाद आहे. पण त्यांची किंमत रचनाकाराचे नाव आणि साल नोंदलेले असण्यावरही ठरते. सावंतवाडीचे पाखरू मात्र गावाच्या नावावर विकले जाते आणि ते कोरणारा हात निनावी राहतो. ही उणीव कारागिराची नसून जपणाऱ्यांची आहे.

पुण्यात दिनकर केळकर (1896–1990) यांनी अडकित्ते आणि दिव्यांसारख्या नित्याच्या वस्तू जमवून राजा केळकर संग्रहालय उभे केले, तेव्हा घरगुती वस्तूही इतिहासाचे साधन असते हे महाराष्ट्राला पटले. तीच दृष्टी या पाखरांना मिळायला हवी. ज्यांच्या घरी जुने चिमणाळे असेल त्यांनी ते मोडीत काढू नये, आणि नवे घेणाऱ्यांनी कारागिराचे नाव व साल विचारून तळाशी लिहून ठेवावे.