सही एका दिवसाची, जोडणी पन्नास वर्षांची



आज मी तुम्हाला चर्चचा इतिहास सांगणार आहे. बचतगटाची ताई आणि चर्चचा इतिहास, हे कुठलं काय, असं तुम्हाला वाटेल. पण ग्रामसंघ बांधताना जो प्रश्न आपल्याला पावलोपावली भेटतो, तोच मुंबईच्या कॅथलिक लोकांनी दोनशे वर्षं सोसला. प्रश्न असा, की दोन जुन्या, आपापल्या घरी सुखात असलेल्या मंडळींना एकत्र आणायचं कसं, म्हणजे कुणालाही आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे आलोय असं वाटणार नाही?

आधी दोन शब्द समजून घेऊ. एका चर्चभोवतीच्या लोकवस्तीला मराठी ख्रिस्ती लोक ‘धर्मग्राम’ म्हणतात. असे अनेक धर्मग्राम मिळून ‘धर्मप्रांत’ होतो आणि त्याचे प्रमुख बिशप असतात. मोठ्या धर्मप्रांताचे प्रमुख ते आर्चबिशप. ढोबळमानाने ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद समजा.

आता गोष्ट. मुंबई, साष्टी आणि वसई हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, तेव्हा इथले पुष्कळ कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी, वाडवळ लोक ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण शेती, मासेमारी, घरातली मराठी बोली आणि लग्नातली गाणी राहिली. त्यांची चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होती. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या हक्काने हा कारभार चाले. त्या हक्काचं नाव ‘पाद्रोआदो’. राजाने चर्चचा खर्च करायचा आणि बिशप कोण व्हावा हेही राजानेच सुचवायचं.

१६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांना द्यायचं ठरलं. राज्य इंग्रजांचं आणि चर्चचे धर्मगुरू पोर्तुगालच्या राजाचे, हे इंग्रजांना खुपू लागलं. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर काढलं आणि चर्चं कार्मेलाइट धर्मगुरूंच्या ताब्यात दिली. हे धर्मगुरू थेट रोमच्या ‘प्रोपागांडा’ नावाच्या कचेरीचे. धर्मकार्यासाठी पोपने १६२२ मध्ये ती स्थापन केली होती. मग १७८९ मध्ये कंपनीने चर्चं परत गोव्याच्या बाजूला दिली, १७९१ मध्ये पुन्हा कार्मेलाइटांना दिली, आणि भांडण मिटेना तेव्हा १७९४ मध्ये सरळ वाटणी केली. काही चर्चं या बाजूला, काही त्या बाजूला.

जमिनीची वाटणी झाली तर बांध घालता येतो. इथे वाटणी माणसांची झाली. एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून राहणारी दोन घरं, दोघांचा धर्म एक, प्रार्थना एक, सण एक. पण एका घराचे वरिष्ठ निराळे, दुसऱ्याचे निराळे. बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळ्याची नोंद चर्चच्या वहीत व्हायची. माहेर एका बाजूचं आणि सासर दुसऱ्या बाजूचं, अशा बाईने आपलं चर्च कोणतं म्हणायचं? इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रश्न दिसत नाही, पण तो किती स्वयंपाकघरांत धुमसला असेल ते आपण बायका ओळखू शकतो.

भांडण किती टोकाला गेलं, ते माहीमला दिसलं. तिथलं सेंट मायकल चर्च वाटणीत प्रोपागांडाकडे गेलं होतं. १८५३ मध्ये तिथल्या बऱ्याच लोकांनी ठरवलं, की आपण पुन्हा गोव्याच्या बाजूला जायचं. तेव्हाचे बिशप हार्टमन हे मूळचे स्वित्झर्लंडचे. ते आपल्या माणसांसह चर्चमध्ये आत बसले आणि दारं लावून घेतली. बाहेर विरोधी लोकांचा वेढा. दिवसामागून दिवस गेले. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावं लागलं आणि चर्च पाद्रोआदोच्या लोकांकडे गेलं. हरलेल्या बाजूसाठी माहीममध्येच व्हिक्टरी चर्च उभं राहिलं. वांद्र्यातही तसंच. सेंट अँड्र्यू चर्च पाद्रोआदोचं आणि सेंट पीटर चर्च दुसऱ्या बाजूचं.

१८८६ मध्ये रोम आणि पोर्तुगालने तोडगा काढला. रोमच्या बाजूने मुंबईचा आर्चबिशप, आणि पाद्रोआदोच्या लोकांसाठी दमणचा वेगळा धर्मप्रांत. म्हणजे भांडणाला फक्त नीट कुंपण घातलं. पुण्याचा धर्मप्रांतही त्याच वर्षी, १ सप्टेंबर १८८६ रोजी स्थापन झाला. पुढच्याच वर्षी मुंबई-साष्टीच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन असोसिएशन काढली. नोकरीसाठी आलेल्या गोवेकरांहून आपण वेगळे, इथले भूमिपुत्र, हे सरकारला कळावं म्हणून. वरिष्ठ वेगळे होतेच, आता नावंही वेगळी झाली.

मग १५ एप्रिल १९२८ हा दिवस आला. रोम आणि पोर्तुगालमध्ये नवा करार झाला. दमणचा धर्मप्रांत बंद करून त्याचा मुंबईकडचा भाग मुंबईत मिळवला आणि दुहेरी कारभार संपला. पण कराराची एक अट फार बोलकी होती. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने नेमायचा, एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. म्हणजे कागदावर घर एक झालं, पण चुलीचा मान वाटून घेतला. आणि ज्यांचं हे घर होतं, त्या इथल्या माणसांची पाळी या यादीत नव्हतीच.

कराराप्रमाणे पहिले आर्चबिशप लिमा पोर्तुगीज होते. १९३७ मध्ये इंग्रज आर्चबिशप रॉबर्ट्स आले. आता पुढची पाळी पोर्तुगीजांची. पण रॉबर्ट्स यांनी वेगळं केलं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे भारतीय धर्मगुरू सहायक बिशप झाले, आणि रॉबर्ट्स हळूहळू त्यांच्या हाती कारभार सोपवून स्वतः बाजूला झाले. खुर्ची रिकामी न करता खुर्चीवरचा हात काढून घेतला म्हणा ना. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. आपल्या गटांच्या संघात जुन्या अध्यक्षाबाई खुर्ची सोडत नाहीत, तेव्हा मला रॉबर्ट्स यांची आठवण होते.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. कागद झाला, माणूसही इथला आला. पण ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहिलं, ती एका अंगणात कोणी बसवली? ते काम करारावर सही करणाऱ्यांनी केलं नाही. ते केलं साध्या स्वयंसेवकांनी, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या.

कॅथलिक लोकांत पगार न घेता काम करणाऱ्या संस्था आधीपासून आहेत. १८३३ मध्ये पॅरिसच्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी गरिबांच्या घरी जाऊन भेटते. १९२१ मध्ये डब्लिन शहरात सुरू झालेल्या लीजन ऑफ मेरीची सुरुवात बहुतेक बायकांनीच केली. दोन्हीकडे घरभेटीला एकट्याने जायचं नाही, दोघादोघांनी जायचं. दोन्ही संस्था आपल्याकडेही आल्या. दोघींनी मिळून दार ठोठावलं, की बोलणं एकीच्या तोंडचं राहत नाही, दोघींची साक्ष होते. आपणही नव्या गटाच्या घरभेटी दोघी-दोघींनीच करतो.

१९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत करायला वाट दिली, आणि चर्च म्हणजे फक्त धर्मगुरू नव्हे, सगळे लोक, असं सांगितलं. त्याच काळात, १९६४ च्या अखेरीस, मुंबईत जागतिक युखारिस्तिक परिषद भरली आणि पोप सहावे पॉल आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. एवढं मोठं काम कोणत्याही एका चर्चला पेलणारं नव्हतं. लग्नघरी भांडलेले भाऊबंद जसे मांडव घालायला एकत्र येतात, तसं मोठं काम माणसांना जवळ आणतं.

पण मांडव उतरला की प्रत्येकजण आपल्या घरी जातो. रोजची जोडणी झाली ती १९८० च्या दशकापासून. बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने मुंबईच्या धर्मग्रामांत लहान ख्रिस्ती समूह सुरू झाले. ब्राझील आणि पूर्व आफ्रिकेत असे समूह आधीपासून होते. एका गल्लीतली किंवा इमारतीतली काही घरं मिळून एक समूह. बैठक चर्चमध्ये नाही, पाळीपाळीने एकेका घरी. चालवणारे त्याच गल्लीतले स्वयंसेवक. या बैठकीत हद्द धरली राहण्याच्या जागेची. तुमचे आजोबा कोणत्या बाजूचे होते, तुम्ही गोव्याचे, मंगळूरचे की वसईचे, हा प्रश्नच उरला नाही. शेजारी राहता ना, मग एका समूहात.

या बैठकीची एक पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने बसवली. तिच्या सात पायऱ्या आहेत. आधी प्रार्थना, मग शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं पुस्तक, त्यातला उतारा वाचायचा. मनात राहिलेले शब्द पुन्हा म्हणायचे, थोडा वेळ गप्प बसायचं. पाचव्या पायरीवर प्रत्येकाने आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, पण दुसऱ्याने त्यावर वाद घालायचा नाही आणि चूकही काढायची नाही. सहाव्या पायरीवर काम ठरवायचं, कोणी, काय, केव्हा करायचं ते. आणि सातव्या पायरीवर पुन्हा प्रार्थना. मला पाचवी आणि सहावी पायरी फार मोलाची वाटते. पाचवीने कमी बोलणारी बाई बोलती होते. सहावीमुळे बैठक नुसत्या बोलण्यावर संपत नाही. कोणी आजारी आहे, कोणाच्या पोराची फी अडली आहे, नळाला पाणी नाही, हे तिथे कामाच्या यादीत येतं.

पैशाचंही सांगते. १९८३ च्या नव्या चर्च कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती सक्तीची केली. हिशोब एकट्या धर्मगुरूच्या खिशात राहू नये, त्यात लोकांची मदत असावी, म्हणून. नियमित हिशोब लेखन हे आपल्या पंचसूत्रीतलं सूत्र तिथेही लागलं.

आपल्या पुण्याचा दाखला घ्या. नाना पेठेतलं सिटी चर्च हे शहरातलं सर्वांत जुनं चर्च. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या गोव्याच्या ख्रिस्ती शिपायांसाठी जागा दिली, तिथे ते झालं. आपण सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरतो तेव्हा रेसकोर्सच्या बाजूला सेंट पॅट्रिक कॅथेड्रल आहे. ते १८५० मध्ये इंग्रजांच्या फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी झालं. म्हणजे एक पेशव्यांच्या शिपायांचं, एक कंपनीच्या शिपायांचं. आज दोन्ही एकाच धर्मप्रांतात आहेत. या धर्मप्रांतात नगर भागातून आलेली मराठी घरं आहेत, गोव्याची, मंगळूरची, तमिळ, मल्याळी आहेत. वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात. एक होण्यासाठी कुणाला आपली भाषा टाकावी लागली नाही.

उलट, वरून घाई केली की काय होतं, तेही जगात दिसतं. युरोप-अमेरिकेत धर्मगुरू कमी झाल्याने धर्मग्राम एकत्र केले जात आहेत. जर्मनीत ट्रिअरच्या धर्मप्रांताने सुमारे ९०० धर्मग्रामांचे ३५ करायचं ठरवलं. लोकांनी आणि धर्मगुरूंनी तक्रार केली आणि २०१९ मध्ये रोमनेच ते थांबवलं. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या सिच्युएट गावात २००४ मध्ये एक चर्च बंद करायचा हुकूम निघाला. लोकांनी पाळ्या लावून रात्रंदिवस चर्चमध्ये बसायला सुरुवात केली. पहारा संपला २०१६ मध्ये, अकरा वर्षांनी. माहीमला दारं आतून लावली होती बिशपांनी, इथे आत बसली रयत. दीडशे वर्षांचं अंतर, पण दुखणं एकच. आम्हाला न विचारता आमचं घर कोणी मोडलं?

आपल्या लोणी काळभोरसारख्या गावात गटांचा ग्रामसंघ होतो, ग्रामसंघांचा प्रभागसंघ होतो, तेव्हा जुन्या गटातल्या बाया कुरकुरतात. आमची बचत जास्त, आमची परतफेड चोख, मग कालच्या गटाच्या रांगेत आम्ही का? ही कुरकुर म्हणजे आडमुठेपणा नव्हे. वीस वर्षं जपलेली वही दुसऱ्याच्या हाती देताना माणूस दचकणारच. तिला गप्प करायचं नसतं, ऐकायचं असतं. आपल्याला मुंबईच्या लोकांसारखी दोनशे वर्षं थांबायची गरज नाही. बैठक एकाच घरी न ठेवता पाळीपाळीने ठेवूया. प्रत्येक गटाचं जुनं नाव आणि जुनी वही जपूया. हिशोब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचूया. अध्यक्षपदावर बसलेलीने पुढची बाई तयार करायला पहिल्याच वर्षी लागावं. आणि रुसलेल्या घरी दोघींनी मिळून जावं, चिठ्ठी पाठवू नये.

ठरावावर सह्या एका दुपारी होतात. त्या सह्यांत जीव घालायचं काम मात्र दारोदार जाणाऱ्या बायांचंच असतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. तेवढा धीर आपण एकमेकींना देऊया.