इंटरफेरॉन, पहिल्या प्रकारची

विषाणूची लागण ओळखणाऱ्या पेशींनी स्रवलेली आणि आसपासच्या पेशींना प्रतिकारासाठी सज्ज करणारी प्रथिने. माणसात आल्फा, बीटा, एप्सिलॉन, कॅपा व ओमेगा असे त्यांचे उपप्रकार असून त्यांची जनुके नवव्या गुणसूत्रावर आहेत. ॲलिक आयझॅक्स व झाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडन येथे इंटरफेरॉनचा शोध लावला.

कार्य : पेशीतील संवेदक प्रथिनांना विषाणूचे आरएनए वा डीएनए आढळले की इंटरफेरॉन तयार होऊ लागते. ते इतर पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहीला जोडले जाते. जॅक-१ व टीवायके-२ ही विकरे आणि स्टॅट प्रथिने यांच्यामार्फत संदेश केंद्रकात जातो व शेकडो जनुके कार्यान्वित होतात. परिणामी विषाणूची वाढ खुंटते. २०२० मध्ये कोविड-१९ च्या अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या रक्तात याच इंटरफेरॉनना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली. हे संरक्षण नसले तर काय होते, ते त्यातून स्पष्ट झाले.

आत्मप्रतिरक्षा रोग : ल्यूपस या आत्मप्रतिरक्षा रोगाच्या अनेक रुग्णांत इंटरफेरॉनचा हा संदेश थांबतच नाही. मृत पेशींतील डीएनए-आरएनए व त्यांविरुद्धची प्रतिपिंडे यांची संयुगे इंटरफेरॉन वाढवतात आणि वाढलेले इंटरफेरॉन आणखी प्रतिपिंडांना चालना देते. त्वचा, सांधे व मूत्रपिंडे यांना इजा होते. दर १० रुग्णांत सुमारे ९ स्त्रिया असतात.

उपचार : ल्यूपसवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मुख्य औषध असून ते इंटरफेरॉनची निर्मितीही कमी करते. इंटरफेरॉनचा ग्राही अडवणाऱ्या ॲनिफ्रोलुमॅबला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

खानदेशातील महत्त्व : उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेतील पेशींना इजा होऊन इंटरफेरॉन वाढते व ल्यूपस बळावतो. जळगाव-धुळ्याकडे कापूस वेचणी, निंदणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया भर उन्हात करतात. उन्हाने वाढणारे गालांवरचे लाल चट्टे, लांबलेली सांधेदुखी, वारंवार येणारा ताप किंवा लघवीला फेस येणे ही लक्षणे कष्टाचा शीण म्हणून अंगावर काढू नयेत. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. निदान झालेल्या स्त्रीला सावलीतले काम मिळणे, साडीवर लांब बाह्यांचा सदरा व डोक्याला रुमाल असणे, हा औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे. लघवीतील प्रथिनांची नियमित तपासणी केल्यास मूत्रपिंडाचा विकार वेळीच ध्यानात येतो.