गर्भवती स्त्रियांचा आरोग्य-संशोधनातील सहभाग : पुणे-मुंबई परिसरातील दोन अभ्यास आणि मावळातील कातकरी माता

प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून प्रवास करणाऱ्यास तळेगाव दाभाडेजवळील उर्से हे गाव प्रामुख्याने टोलनाक्यामुळे परिचित असते. या मार्गाच्या दोन टोकांना, गेल्या तीन दशकांत, गर्भवती स्त्रियांच्या पोषणासंबंधी दोन मोठे अभ्यास झाले. एक पुणे जिल्ह्यातील दुष्काळी पट्ट्यातील सहा गावांत आणि दुसरा मुंबईच्या झोपडपट्ट्यांत. भारतीय मातेच्या पोटातील अर्भकाच्या वाढीविषयी आज जे सांगितले जाते, त्याचा बराच भाग या दोन अभ्यासांवर आधारलेला आहे. या दोन टोकांच्या मध्ये मावळ तालुका आहे. तेथे भातशेती करणाऱ्या गावांच्या कडेने कातकरी व ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. स्त्रिया या अभ्यासांत कशा आल्या, कशामुळे टिकल्या आणि कोणत्या स्त्रिया अशा पद्धतीच्या अभ्यासात येऊच शकत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संरक्षणातून आलेली अनुपस्थिती

गर्भवती स्त्रीला संशोधनाबाहेर ठेवण्याची प्रथा जुनी असली तरी तिला नियमाचे रूप १९६१ नंतर आले. थॅलिडोमाइड या औषधामुळे युरोपात हजारो बालके अवयवांच्या व्यंगासह जन्मली. हे औषध पुरेशा चाचणीविना गर्भवतींना दिले गेले होते. वास्तविक यातून धडा निघायला हवा होता तो अधिक व काटेकोर चाचणीचा. प्रत्यक्षात मात्र १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रसूतिक्षम वयाच्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या प्रारंभिक टप्प्यांतून वगळण्याची सूचना केली. १९९३ च्या कायद्याने तेथील शासकीय निधीवरील संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्य समाज यांचा समावेश बंधनकारक केला, तेव्हा हे वळण बदलले. तरीही २०२० मधील कोविड लशींच्या मुख्य चाचण्यांतून गर्भवती वगळल्याच गेल्या. भारतात त्यांच्या लसीकरणास अनुमती मिळण्यासाठी जुलै २०२१ उजाडावा लागला.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मार्गदर्शक तत्त्वेही संरक्षणाच्याच भूमिकेतून लिहिलेली आहेत. २०१७ च्या तत्त्वांनुसार आदिवासी क्षेत्रात संशोधनासाठी जाण्यापूर्वी आदिवासी विकास आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेणे अपेक्षित आहे. ही अट रास्त आहे. परंतु जिच्या वाट्याला ‘गर्भवती’ आणि ‘आदिवासी’ अशी दोन्ही संरक्षणे येतात, तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी संशोधकाला दोन दारे ओलांडावी लागतात, आणि घाईत असलेला संशोधक बहुधा दार नसलेल्या वाटेने जातो.

पुण्यातील सहा गावे

‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांचे त्यास नेतृत्व होते. आहाराच्या भागाची जबाबदारी आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांच्याकडे होती. गर्भावस्थेतील कुपोषणाचे परिणाम पुढील आयुष्यात मधुमेह व हृदयविकाराच्या रूपाने दिसतात, हा डेव्हिड बार्कर यांचा सिद्धान्त तपासून पाहणे, हा त्यामागील हेतू होता.

या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, स्त्रीची नोंदणी ती गरोदर राहण्यापूर्वीच झाली. रुग्णालयात येणाऱ्या गर्भवतींची नोंद करणे सोपे होते. परंतु रुग्णालयात कोण येते, हे आधीच ठरलेले असते. म्हणून सहा गावांतील २,६७५ विवाहित स्त्रियांना विचारण्यात आले व त्यांपैकी २,४६६ जणींनी संमती दिली. नीतिविषयक समितीच्या मान्यतेबरोबरच गावातील प्रमुख मंडळींची अनुमतीही घेण्यात आली होती. गावाने होकार दिला म्हणजे सून होकार देते, हे ग्रामीण महाराष्ट्राचे वास्तव आहे. मात्र असा होकार कितपत तिचा स्वतःचा असतो, हा प्रश्न त्यातून सुटत नाही, तो केवळ पुढे ढकलला जातो.

यानंतरचे काम दिसायला अगदी साधे होते. क्षेत्र-कार्यकर्ते दरमहा घरी जाऊन मासिक पाळीची तारीख वहीत लिहीत. गरोदरपणाची वार्ता पहिले तीन महिने बाहेर न सांगण्याची रीत आहे. दृष्ट लागेल ही भीती असते, आणि गर्भ टिकला नाही तर लोकांना काय सांगायचे हा संकोचही असतो. अशा वेळी ‘दिवस गेले का?’ असे विचारण्यापेक्षा ‘पाळी कधी आली?’ असे विचारणे अधिक फलदायी ठरते. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ज्या घरांत पाळीच्या दिवसांत स्त्रीला बाजूला बसवले जाई, तेथे ती तारीख घरातील सर्वांनाच ठाऊक असे. स्त्रीला कमी लेखणारी रूढी या एका बाबतीत संशोधनाच्या पथ्यावर पडली असणे शक्य आहे.

अशा रीतीने १,१०२ गर्भधारणांची नोंद झाली. गर्भपात तसेच फार उशिरा लक्षात आलेली गर्भधारणा अशा कारणांनी काही स्त्रिया वगळल्या गेल्या व ७९७ जणींचा सविस्तर अभ्यास झाला. अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहार, श्रम आणि रक्त यांची तपासणी करण्यात आली. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. अठराव्या आठवड्यात त्यांना दिवसाला सुमारे १,७७० उष्मांक व ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. बालकाचे वजन व मापे जन्मानंतर ७२ तासांच्या आत घेतली गेली. ही अट पाळायची, तर बाळंतपण कोठे व केव्हा झाले याची वार्ता लगेच कळणे आवश्यक होते. तशी वार्ता महिन्यामागून महिने घरी येत राहिलेल्या माणसालाच कळते.

निष्कर्ष पुढे जगभर चर्चिले गेले. एकूण उष्मांक वा प्रथिने यांपेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे यांच्या सेवनाशी बालकाच्या आकारमानाचा संबंध दिसला. सरासरी जन्मवजन साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या तुलनेत २.७ किलो होते, परंतु त्वचेखालील चरबी तुलनेने राखलेली होती. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त अशा या भारतीय अर्भकाची कल्पना २००३ मधील शोधनिबंधातून रूढ झाली. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ही मुले पुढे वयाच्या सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षीही तपासली गेली. त्यांतूनच २०१२ मध्ये ब-१२ च्या पूरक मात्रेचा प्रयोग याच मुलामुलींवर, ती स्वतः पालक होण्यापूर्वी, सुरू झाला. इतकी वर्षे कुटुंबे टिकून राहिली, यास कार्यकर्त्यांच्या चिकाटीइतकेच आणखी एक कारण आहे. ही मुख्यतः शेतकरी कुटुंबे होती. जमीन कमी असेल, कोरडवाहू असेल, पण ती एका जागी होती व तिच्यामुळे माणसेही एका जागी होती.

मुंबईतील अनुभव

दुसऱ्या टोकाला २००६ मध्ये डॉ. रमेश पोतदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत याच निष्कर्षांची परीक्षा घेतली. गरोदरपणापूर्वीपासून प्रसूतीपर्यंत स्त्रियांना रोज पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला अल्पोपाहार दिला गेला. तुलनेच्या गटास कमी पोषणमूल्याचा, बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा पदार्थ मिळे. तो केंद्रावर येऊन, कार्यकर्तीच्या देखत खायचा असे. विविध धर्मांच्या व प्रांतांच्या ६,५१३ स्त्रिया यात सहभागी झाल्या. त्यांपैकी २,२९१ गरोदर राहिल्या व १,९६२ जणींना जिवंत एकेरी अपत्ये झाली. मापे घेता आली ती मात्र १,३६० बालकांचीच.

हा ६०२ बालकांचा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यात प्रसूतीसाठी मुंबईबाहेर गेलेल्या स्त्रियांचा मोठा भाग होता. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडील सर्वमान्य रीत आहे. डोहाळजेवण झाले की मुलगी माहेरी जाते आणि शहरातील स्त्रीचे माहेर रत्नागिरीत किंवा आझमगढातही असू शकते. प्रयोगात जन्मवजनातील एकूण वाढ अवघी २६ ग्रॅम दिसली व ती संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून पूरक आहार घेतलेल्यांत ती ४८ ग्रॅम होती. जवळजवळ एक-तृतीयांश बालके मोजलीच न गेल्यावर हे आकडे कोणत्या मातांचे प्रतिनिधित्व करतात, हा प्रश्न उरतोच. यात संशोधकांचा हलगर्जीपणा नव्हता. स्त्रीच्या आयुष्यातील सर्वांत ममतेचा प्रवास आणि संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा क्षण एकाच आठवड्यात येत होते.

मावळातील कातकरी माता

माहेरी गेलेली स्त्री काही महिन्यांनी परतते आणि तिचा पत्ता सासूला ठाऊक असतो. कातकरी स्त्रीचे तसे नाही. कोलाम व माडिया गोंड यांच्यासमवेत कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक होय. खैरापासून कात काढणे हा तिचा मूळ व्यवसाय. जंगल हातचे गेल्यावर कोळसा पाडणे व वीटभट्टी हे उपजीविकेचे मार्ग झाले. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर जायचे आणि पाऊस तोंडावर आला की वाडीवर परतायचे, असे या जीवनाचे वर्षचक्र आहे. उचल कुटुंबाच्या नावे असते, त्यामुळे गरोदर स्त्रीही मागे राहत नाही. भट्टी कोणत्या तालुक्यात असेल, हे मुकादम ठरवतो.

पुण्याच्या अभ्यासाची पद्धत येथे जशीच्या तशी लावून पाहिली, तर काय घडते ते स्पष्ट होते. ऑक्टोबरमध्ये वाडीवर नोंदवलेल्या स्त्रीची पाळी डिसेंबरमध्ये चुकली, तर तारीख विचारणारे कोणी नसते. अठरावा आठवडा व अठ्ठाविसावा आठवडा विटांच्या थप्प्यांमध्ये जातो. उलट जूनमध्ये गर्भ राहिलेली स्त्री अठराव्या आठवड्याच्या तपासणीपर्यंत हाती लागते आणि नेमकी प्रसूतीच्या वेळी भट्टीवर असते. पहिलीची नोंद अपुरी म्हणून वगळली जाते, दुसरीच्या बालकाचे वजन ७२ तासांत कोणी घेत नाही. मग ज्या मातेच्या गर्भाची वाढ खुंटण्याची शक्यता अधिक, तीच सरासरीतून गळते आणि उरलेल्यांची सरासरी ‘ग्रामीण माता’ या नावाने छापली जाते.

यावर उपाय नाही असे नव्हे, पण तो खर्चिक आहे. वही वाडीवर न ठेवता कुटुंबाबरोबर हलली पाहिजे. वाडीवरील कार्यकर्तीला भट्ट्यांची माहिती देणारा मुकादमच असल्यामुळे त्याच्याशी बोलणे टाळता येत नाही. मात्र तिची संमती त्याच्यासमोर घेता कामा नये, कारण उचलीखाली असलेल्या स्त्रीला त्याच्यादेखत नाही म्हणता येत नाही. गावप्रमुखाच्या अनुमतीने सहा गावांत जे साधले, ते येथे उलटे फिरते. भट्टीमालकाची परवानगी ही संमतीची पायरी न राहता तिच्यावरील दडपण होते. बाळंतपण होईपर्यंत तीन-चार तालुक्यांत फिरणारी एक कार्यकर्ती व एक वजनकाटा एवढी साधने पुरेशी असली, तरी संशोधन-प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रवासाचे कलम सर्वांत आधी कापले जाते. जूनच्या पहिल्या पावसात मावळातील वाड्यांवर परतणाऱ्या स्त्रियांच्या कडेवर चार-सहा महिन्यांची मुले असतात. त्यांचे त्या दिवशीचे वजन घेता येते, जन्मवजनाचा रकाना मात्र कोराच राहतो.